कच्चा कागद

नाशकात कथड्याच्या गल्लीत हनीफ कागदीचा हौद होता. जुनं गोणपाट कुटायचं, गोदावरीत धुवायचं, त्याचा लगदा हौदात कालवायचा आणि साच्यावर उचलून कागद काढायचा, हे काम घरात पणजापासून चालत आलेलं. पण सन छत्तीस उजाडेपर्यंत गिरणीच्या कागदानं बाजार असा भरला, की हनीफच्या हौदात पाण्यापेक्षा धूळ जास्त दिसू लागली. मुलगा रियाज छापखान्यात लागला. म्हातारा मात्र रोज सकाळी हौदाकाठी जाऊन बसायचा, थकलेल्या बैलापाशी धनी बसतो तसा.

एक दिवस शाळेतले रंगनाथ मास्तर त्याला शोधत आले. त्यांच्या शाळेत आपल्या देशाच्या इतिहासाचं प्रदर्शन भरायचं होतं. पोरं विलायतेचे राजे घडाघडा म्हणतात, पण गावापासून अडीच कोसांवरची लेणी कुणी कोरली असं विचारलं तर पांडवांनी म्हणून मोकळी होतात, याचं मास्तरांना फार वाईट वाटे. तिथल्या भिंतीवर सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा, एका राजाविषयीचा लेख आहे, त्याचा ठसा काढून तो पोरांच्या डोळ्यांपुढे टांगायचा, असं त्यांनी मनात घेतलं होतं. ओला कागद भिंतीला चिकटवून कुंचल्यानं ठोकायचा, म्हणजे तो अक्षरांत शिरतो. वाळला की वरून शाईत बुडवलेली कापडाची पुरचुंडी टेकवायची. गिरणीचा कागद ओला झाला की फाटे. परवानगी एकाच रविवारची मिळाली होती. तो हुकला की संपलं.

"कागद कच्चाच द्या, हनीफमियाँ," मास्तर म्हणाले. "खळ नको, घोटणं नको."

हनीफनं मान डोलावली. पण घरी येईपर्यंत त्याच्या मनानं त्या बोलण्याचा वेगळाच अर्थ लावला. मास्तर भला माणूस, आपल्या मेहनतीचा संकोच करत असणार. आणि खळ न लावलेला, न घोटलेला कागद या घरातून कधी बाहेर गेला होता? विंचरल्यावाचून पोरगी सासरी धाडावी तसलंच ते. त्यातून इतक्या जुन्या राजाचं काम. बायकोनं, गुलजारबीनं, मास्तर काय म्हणाले ते विचारलं, तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं, की उत्तम कागद हवाय.

मग गुलजारबीनं कंबर कसली. हनीफनं काढलेल्या बारा मोठ्या तावांना तिनं तांदळाची खळ लावली, वाळवले आणि पाटावर अंथरून अकिकाच्या दगडानं आठ दिवस घोटले. खांदे भरून आले, पण ताव असे झाले की माशी बसली तर घसरावी.

रविवारी टांगा केला. चाळीस वर्षं नाशकात काढून गुलजारबीनं लेणी पाहिली नव्हती, म्हणून तीही निघाली. पायऱ्या चढताना ती दर वळणावर थांबे आणि पांडवांना दुसरी जागा मिळाली नाही का म्हणून मास्तरांना विचारी.

वर मास्तरांनी भिंत धुतली, पहिला ताव ओला करून चिकटवला आणि ठोकायला लागले. पाणी कागदावरून अळूच्या पानावरून निथळावं तसं निथळलं. ताव ताठच्या ताठ राहिला आणि सुटून खाली आला. दुसरा जोरानं ठोकला, तर मधोमध तडकला. मास्तरांनी तिसऱ्यावरून बोट फिरवलं आणि ते हनीफकडं बघत राहिले.

"घोटलात?"

सगळा हिशेब गुलजारबीला लागला.

"रियाजचे अब्बा, यांनी नको म्हटलं होतं?"

"म्हटलं होतं," हनीफ म्हणाला. "मला वाटलं, तोंडदेखलं म्हणतायत."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. सूर्य डोक्यावर यायला आला होता. हनीफला वाटलं, घराण्याचा शेवटचा कागद या भिंतीखाली पडून राहणार, तोही त्याच्या स्वतःच्या तोऱ्यापायी. मग तो हळूच म्हणाला, की कोमट पाण्यात खळ सुटेल, ताव पुन्हा कच्चा होईल. पण ताव उचलायला त्याचा हात पुढं झाला नाही, कारण घोटण्याचे ते आठ दिवस त्याचे नव्हते.

गुलजारबीनं पहिला ताव स्वतः उचलला. "आठ दिवस मी घोटलं. आता लाकडं तुम्ही आणा."

डोंगराच्या पायथ्याशी तीन दगड मांडून मास्तरांच्या बादलीत पाणी तापवलं. नवरा-बायको समोरासमोर बसून, तान्ह्या मुलाला न्हाऊ घालावं तसे, एकेक ताव धुऊ लागले. चकाकी गेली, कागद मऊ पडला. दहा धुतले, त्यातले सहा हातातच फाटले. चार उरले.

वर नेल्यावर ते चार भिंतीला नीट बसले. मास्तर ठोकत गेले तसा कागद अक्षरांच्या खाचांत उतरला. उन्हं कलेपर्यंत वाळला. शाईची पुरचुंडी टेकली आणि काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली. लेख पुरा आला नाही, पण आला तो स्वच्छ आला. मास्तर एकेका ओळीवर बोट ठेवून सांगू लागले. ज्याचे घोडे तीन समुद्रांचं पाणी प्याले, असा राजा. आईची सेवा कधी न चुकवणारा. आणि हे लिहवून घेतलं त्याच्या आईनं, गौतमी बलश्रीनं, नातवाच्या राज्यात.

"नातवाचं राज्य, म्हणजे लेक गेला होता?" गुलजारबीनं विचारलं.

"गेला असावा, भाभी."

"तरीच. समोर असता तर एवढं कौतुक त्याच्या तोंडावर कोण करतं."

मास्तर हसले. मग त्यांना आठवलं, पोरांना ही जुनी अक्षरं कळायची नाहीत, खाली मराठीत अर्थ लिहून लावायला हवा. गाठोड्यात एकच ताव उरला होता, न धुतलेला, आरशासारखा. त्यांनी तो गुडघ्यावर पाटी घेऊन तिच्यावर पसरला आणि टाक दौतीत बुडवला.

हनीफला वाचता येत नव्हतं. तो त्यांच्या खांद्यावरून वाकून टाकाच्या टोकाकडं बघत राहिला. घोटलेल्या कागदावर टाक कुठं अडला नाही, शाई कुठं फुटली नाही.

"बघ," तो बायकोला म्हणाला. गुलजारबी केव्हाची बघतच होती.