खण खाणारी देवी

मंगळवारी सकाळीच भोसरीत दत्तोबाच्या घरापुढे बायकांची रांग लागली. हातात खण, नारळ, आणि तोंडात एकच विषय. दत्तोबाच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वारूळ उगवलं होतं, आणि ते वारूळ म्हणजे साक्षात देवी, असं चिमाजी देवऋषीनं जाहीर केलं होतं. ही देवी खण खात असे. शुक्रवारी वारुळापाशी खण ठेवायचा, त्यावर दुरडी पालथी घालायची. मंगळवारी दुरडी उचलली की खाली मातीची खपली आणि चार चिंध्या.

"आई जेवली," चिमाजी डोळे मिटून म्हणे. "उजेडात जेवत न्हाई ती. घरंदाज हाय."

या घरंदाज आईला सुती खणच वाढले जात. जरीचा खण आला की चिमाजी तो स्वतःच्या पेटीत ठेवी. रोज वारुळावर घागरभर पाण्याचा अभिषेक होई. दत्तोबाची बायको गोजाबाई मात्र चूल घेऊन घराबाहेरच्या ओट्यावर आली होती आणि धुरात भाकरी थापत होती.

शेजारच्या सुमनताई नगरपालिकेच्या शाळेत शिकवत. दोन्ही घरांची भिंत एकच. त्यांच्या दाराची चौकट पोखरली गेली म्हणून त्यांनी वाळवीवर औषध मारणाऱ्या कादरभाईंना पिंपरीहून बोलावलं होतं. चौकट ठोकून ते म्हणाले, "बाई, वाळवीचं घर पलीकडं आहे. तिथं औषध घातल्याशिवाय इथं काही उपयोग नाही. आणि त्यांच्या छपराचा खांब आधी बघायला पाहिजे."

दत्तोबानं त्यांना उंबऱ्यावरूनच परतवलं. "देवीवर औषध मारता? आमच्या कंपनीतले साहेब पाया पडून गेलेत."

सुमनताईंना राग आला, त्याहून जास्त धास्ती वाटली. गोजाबाईची लेक बाळंतपणाला आली होती, आणि तिच्या बाळाची झोळी त्याच छपराच्या तुळईला बांधलेली होती.

पुढच्या शुक्रवारी त्या दोन खण घेऊन गेल्या. एक सुती, एक नायलॉनचा. हिरव्या चकचकीत नायलॉनकडे चिमाजीचा हात गेला, पण सुमनताईंनी दोन्ही खण स्वतःच दुरडीखाली सरकवले.

मंगळवारी भरल्या घरात दुरडी उचलली गेली. सुती खणाची माती झाली होती. नायलॉनचा जसाच्या तसा होता.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. चिमाजी खाकरला. "आईला नायलॉन चालत न्हाई. सोवळं असतं."

"आणि लाकूड चालतं का?" असं म्हणत सुमनताईंनी छत्रीचं टोक वारुळाशेजारच्या खांबात खुपसलं. ते वीतभर आत गेलं. भुसा गळाला, पाठोपाठ पांढरे किडे.

"ही वाळवी आहे," त्या म्हणाल्या. "सूत खाते, लाकूड खाते, नायलॉन तिला पचत नाही. तिला ओल लागते, ती यांनी अभिषेकानं दिली. अंधार लागतो, तो दुरडीनं दिला. देवीनं काही खाल्लं नाही. तुमचं छप्पर मात्र खाल्लं जातंय."

गोजाबाईनं वर तुळईकडे पाहिलं. तिनं झोळीतलं बाळ उचलून लेकीच्या हाती दिलं, तिला बाहेर काढलं आणि कुदळ घेऊन आली.

"आई कोपंल," चिमाजी म्हणाला.

"कोपू दे. नातू माझा हाय."

दुसऱ्याच घावाला वारूळ फुटलं. आत अंगठ्याएवढी फुगलेली, पांढुरकी राणी वळवळत होती. एका बाईनं तिलाही हात जोडले. तेवढ्यात चिमाजी पेटी घेऊन मागच्या दारानं सटकू लागला. दत्तोबानं त्याला गचांडी धरून आणला आणि पेटी उघडायला लावली. जरीचे खण ज्यांचे त्यांनी ओळखून नेले.

कादरभाईंनी खांबाला टेकू दिला, जमिनीला भोकं पाडून औषध ओतलं. नवा खांब उभा राहिला.

तरीही चार बायकांनी वारुळाची माती प्रसाद म्हणून पदरात बांधून नेलीच. सुमनताईंनी त्यांना दारात अडवून सांगितलं, "श्रद्धा ठेवा, पण आधी विचारा. जे झाकल्याशिवाय होत नाही, ते का झाकलंय एवढं तरी विचारा. विचारल्यानं कोपते ती देवी नसते."

दोघींनी माती तिथंच टाकली. दोघी घेऊन गेल्या.