अर्डिसकाकूंची खिडकी खाली आली

माझी नोकरी डबक्यांकडे बघण्याची आहे. पगार सरकारी.

अर्डिस टोलेफ्सरूड यांचं मक्याचं शेत मुळात दलदल होतं. त्यांच्या सासऱ्यांनी जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या टाकून पाणी काढून दिलं आणि मका लावला. नवरा ऑर्विल गेल्यावर काकूंनी सरकारशी कायमचा करार केला. जमीन त्यांचीच, पण तिथे पुन्हा पाणी साचू द्यायचं. बांध नाही, पंप नाही, नांगर नाही. आमच्या लोकांनी नळ्या शोधून शोधून फोडल्या. पाणी आलं, लव्हाळं आलं, बदकं आली. करारातून वगळलं फक्त घर आणि अंगण.

मी वर्षातून एकदा जातो. हद्दीवरून चालतो, कुणी चोरून चर खणलाय का ते बघतो, आणि ठरलेल्या खांबापाशी उभा राहून ठरलेल्या दिशेला फोटो काढतो. गेल्या वर्षीचा फोटो हातात धरायचा आणि समोरचं सगळं त्याच्याशी जुळवायचं. माकडालाही जमेल, पण माकडाकडे गाडीचा परवाना नसतो.

या ऑक्टोबरात पाण्यावर एकही बदक नव्हतं. काठ आत सरकला होता, चिखल उघडा पडला होता आणि मधूनमधून न्हाणीघराच्या मोरीसारखा आवाज येत होता. मी फोटो धरला. विलोचं झाड जुळलं. कणगी जुळली. घर जुळेना. गेल्या वर्षी कुंपणाच्या वर स्वयंपाकघराची अख्खी खिडकी दिसत होती. आता नुसती वरची चौकट. खांबच खचला असेल म्हणून तो हलवून पाहिला. पक्का होता. शेवटी गाडीच्या बॉनेटवर चढलो, तेव्हा जुळलं.

गावात हे सगळ्यांना माहीत असणार. टपालवाला मला म्हणालाच होता, "हल्ली अर्डिसकडे जरा वाकावं लागतं." पण आम्ही मिनेसोटाची माणसं. कुणाच्या टोपीला आग लागली तर आम्ही म्हणतो, आज ऊन बरंच आहे.

"ये रे टेट," काकू म्हणाल्या. पायऱ्या चढायची गरज नव्हती, कारण पायऱ्या दिसतच नव्हत्या. "बूट राहू देत. जमीन ओलीच आहे."

त्यांनी कॉफी ओतली. कप टेबलावरून चालायला लागला. काकूंनी तो वाटेत अडवला आणि बशीखाली सुरी सरकवली.

"काकू, घर जरा... वेगळं दिसतंय." यापेक्षा कडक शब्द आमच्याकडे नाही.

"रंग उडालाय ना?"

"उंचीला म्हणतोय मी."

"वयाने होतंच रे सगळ्यांचं."

जमिनीखाली काहीतरी गुडगुडलं. कपाटातल्या बश्या एका बाजूला सरकल्या.

"खाली काय आहे, काकू?"

"ऑर्विलची नळी. तळघरात पाणी यायचं, म्हणून शेतापासून घराखालून ओढ्याकडे टाकली होती. तुमच्या नकाशात नसेल. विचारून थोडीच टाकली होती!"

आम्ही सगळ्या नळ्या फोडल्या होत्या, ही सोडून. अख्खं तळं आता या एका जुन्या, तडकलेल्या नळीतून घराखालून निघालं होतं आणि जाताना खालची माती घेऊन जात होतं.

त्यांना लगेच बाहेर काढायला हवं होतं. पण 'घर पडतंय, पळा' असं म्हणालो असतो, तर माझ्या उद्धटपणाचंच वाईट वाटून त्या तिथेच बसून राहिल्या असत्या.

"काकू, चला ना आमच्याकडे. आई कॉफीला बोलावतेय."

"नको रे, उगाच तिला त्रास."

आमच्याकडे दोनदा नाही म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा हो. आणि मध्ये हवेबद्दल बोलावं लागतं, नाहीतर तो आग्रह मानला जात नाही.

"थंडी लवकर पडणारसं दिसतंय," मी म्हणालो. भिंतीतून कापड फाटल्यासारखा आवाज आला.

"गेल्या वर्षीपेक्षा लवकर," काकू म्हणाल्या.

"खरंच चला."

"छे, माझी ही कामं पडलीत." बाहेरचं गवत खिडकीच्या काचेला टेकलं.

"वारा मात्र नाही," मी घाईने म्हणालो. "आता चलाच, काकू."

"बरं, एवढं म्हणतोस तर." त्यांनी मांड्यांवर हात आपटले आणि उठल्या. "पण रिकाम्या हाताने कशी येऊ? लिंबाच्या वड्या घेते. तू हो पुढे."

मी दाराबाहेर पाय टाकला आणि मागे दार चौकटीत आवळून बसलं. लाथा घातल्या. हललं नाही, उलट घरासकट आणखी खाली गेलं.

"काकू! खिडकीतून या!"

"ओरडतोस काय? हे आधी धर."

माझ्या घोट्यांजवळच्या खिडकीतून वड्यांचं ताट वर आलं. मी ते गवतावर ठेवलं, पालथा पडलो आणि काकूंना काखेत धरून ओढलं. त्या बाहेर आल्या, फ्रॉक झटकला. मागे घर एकदा कण्हलं आणि अंगणात धुराडं तेवढं उरलं.

काकूंनी धुराड्याकडे पाहिलं.

"याहून वाईट होऊ शकलं असतं," त्या म्हणाल्या.

गाडीत वड्यांचं ताट मांडीवर धरून त्या बसल्या. काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, "ती नळी सरळ ओढ्यालाच जाते ना?"

"सरळ कुठली? तुझ्या आजोबांच्याही तळघरात पाणी यायचं. दोघांनी मिळूनच टाकली. तुमच्या घराखालून वळवून."

आमच्या गॅरेजचं दार उन्हाळ्यापासून नीट लागत नव्हतं. हवा दमट आहे, असं आई म्हणायची.

मी गाडी आमच्या अंगणात उभी केली. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात हलवत होती. आमच्याकडे बघायला तिला मान वर करावी लागली.

"आई, बाहेर ये ना जरा!"

"आत्ता नको रे," आई म्हणाली. "कॉफी ठेवलीय."

हा पहिला नकार झाला. मी हवेबद्दल काय बोलावं ते आठवायला लागलो.