सव्वाचारची लाँच

निवृत्त झाल्यावर माणसाने निदान घड्याळाला तरी सुट्टी द्यावी की नाही? पण कामावर सगळे ज्यांना ‘लाँचवाले’ म्हणत, ते कसले ऐकतात! बस डेपोत चाळीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं आखली, आणि आता जेवणाच्या टेबलावर पट्टी-पेन्सिल घेऊन बेटाची सहल आखायला बसले होते. लेकीने विमानाची तिकिटं काढून दिली होती. तीन दिवस फिरायचं, चौथ्या दिवशी दुपारी परत, आईबाबा दोघंच. तेवढ्यात एकोणीस ठिकाणं बसवायचा त्यांनी चंग बांधला होता.

बायको समोर बसून शेंगा सोलत होती. तिने चष्मा वर सरकवून कागद वाचला. ‘सहा दहा, दीपगृह. सहा पन्नास, धबधबा. सात पस्तीस, नाश्ता, उभ्याने.’

“उभ्याने?”

“अगं, बसलं की वीस मिनिटं जातात.”

“मग तुम्हीच जाऊन या. मी नाही येत.”

त्यांना आधी थट्टाच वाटली. पण ती टरफलं गोळा करून उठली आणि आत जाऊन लेकीला फोनवर सांगूनही आली, की माझं तिकीट रद्द कर. लेक म्हणाली, संध्याकाळपर्यंत नीट विचार कर, मग करते.

खरं तर हे बेट काही नवं नव्हतं. अडतीस वर्षांपूर्वी, लग्नाला महिनाही झाला नसताना, दोघं इथेच गेली होती. तेव्हाही असाच कागद, तेव्हाही अशीच पळापळ. परतीची लाँच सव्वाचारची. आता डेपोची रीत अशी, की फळ्यावर जी वेळ तिला गाडी फलाटाला लागते, सुटते दोन मिनिटांनी. धावत येणाऱ्यांसाठी ती दोन मिनिटं ठेवलेलीच असतात. लाँचही तशीच सुटणार, असं गृहीत धरून हे महाशय धक्क्यावरच्या बाकावर समुद्राकडे पाठ करून डायरीत हिशोब लावत बसले, काय पाहिलं आणि काय राहिलं. चार सोळाला उठून बघतात तो लाँच धक्का सोडून गेलेली! पुढची दुसऱ्या दिवशी सकाळी. कामावर एक दिवस उशिरा हजर झाले, आणि वेळापत्रकवाल्याचीच लाँच चुकली म्हटल्यावर डेपोने सोडलं असतं होय? साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्या दिवसापासून ‘लाँचवाले’ म्हणू लागले. निरोप समारंभातही भाषण झालं ते लाँचीवरच.

बायको स्वयंपाकघरात गेली, तसे तेही मागोमाग गेले. “हे बघ, तेव्हा माझ्या हलगर्जीपणामुळे तुझे हाल झाले. नव्या नवरीला धक्क्यावर बसवून ठेवलं मी. या खेपेला एक मिनिटही चुकणार नाही. तेवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.”

बायकोने शेगडी बंद केली.

“लाँच सुटताना मला दिसली होती,” ती म्हणाली.

“काय?”

“दोर सोडताना दिसला. शिडी ओढून घेतलेली दिसली. तुमची पाठ होती, माझं तोंड तिकडेच होतं. मी हाक मारली नाही.”

“अगं पण का?”

“दोन दिवस तुमच्या मागून नुसती धावत होते मी. तुम्ही माझ्याकडे बघितलं ते फक्त मागे राहिले का एवढं बघायला. म्हटलं, जाऊ दे ती लाँच.” मग हळूच म्हणाली, “त्या संध्याकाळी बाकावर तुम्ही तुमच्या आईबद्दल सांगितलंत. लहानपणी ती गेली तेव्हा तुम्ही बसथांब्यावर बसून गाड्या मोजत होतात, ती एखाद्या गाडीतून उतरेल म्हणून. आठवतं? नंतर पुन्हा कधी बोलला नाहीत ते.”

लाँचवाले मटकन स्टुलावर बसले. आधी राग आला, खोटं कशाला बोला. अडतीस वर्षं ऐकलेली ती चेष्टा डोक्यात भणभणली. पण त्याहून काहीतरी जास्त टोचत होतं.

“आणि मी वेडा,” ते म्हणाले, “पुन्हा फजिती होईल म्हणून तुला कुठे घेऊनच गेलो नाही. अडतीस वर्षं! दर सुट्टीत काहीतरी कारण काढलं.”

“मला वाटायचं, तुम्हाला माझ्याबरोबर फिरायलाच आवडत नाही.”

तिने डोळ्यांना पदर लावला आणि त्यांनी उगाचच नाक शिंकरलं. गेलेली वर्षं काही कुणाच्या हातात नव्हती.

संध्याकाळी लेकीचा फोन वाजला तेव्हा लाँचवाले टेबलाशीच होते. कागद खोडरबराने पार मळला होता. एकोणीसपैकी चार ठिकाणं उरली होती, आणि नाश्त्यापुढचं ‘उभ्याने’ गेलं होतं. फोन वाजू देऊन बायकोने कागद हातात घेतला. शेवटची ओळ ठळक, पट्टी लावून अधोरेखित केलेली होती.

‘दिवस तिसरा. चार पंधरा, लाँच सुटेल. बाकावर बसून दोघांनी बघणे. मुक्काम बेटावरच.’

तिने फोन उचलला. “राहू दे गं तिकीट,” ती म्हणाली. “बाबांना माझ्याबरोबर यायला जमतंय म्हणे.”