बोर्गालेस्कोचा धुण्याचा हौद

मित्रांनो, मी एक जुना दगडी हौद आहे, धुणं धुण्याचा. मिलान शहराच्या वेशीबाहेर बोर्गालेस्को आहे, तिथे चर्चमागच्या उतारावर मी बसलो आहे. याला गाव म्हणायचं की उपनगर, यावर इथल्या लोकांचं अजून एकमत नाही.

माझे दगड डोंगरातल्या खाणीतून कालव्याने, नावेत बसून आले. धुणं चुबकायला सोपं जावं म्हणून गवंड्यांनी माझ्या काठाला उतार दिला. त्यानंतर सत्तर वर्षं गावाचे कपडे माझ्याच पाण्यात निघाले. राखेच्या पाण्यात उकळलेल्या चादरी, तान्ह्या बाळांची दुपटी, रेशमाच्या गिरणीत जाणाऱ्या मुलींचे झगे. थंडीत बायकांची बोटं फुटायची, पण तोंडं काही थांबायची नाहीत.

तोटीजवळचं पाणी सगळ्यात नितळ. ती जागा एर्सिलियाची. ही विधवा बाई लोकांचे कपडे धुऊन पोट भरायची आणि जिभेची भलतीच तिखट होती. देल्फीना नावाची तरुण मुलगी एकदा चुकून तिथे बसली, तेव्हापासून दोघींचा अबोला. तो दोन वर्षं टिकला.

मग दुसऱ्या महायुद्धातला तो ऑक्टोबर आला. एका सकाळी देल्फीना मान खाली घालून आली. टोपलीच्या तळाशी तिच्या भावाचा सदरा होता, खांद्यापाशी रक्ताने कडक झालेला. भाऊ जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या टोळीत होता आणि जखमी होऊन घराच्या माळ्यावर लपला होता. तिने सदरा बुडवला तसं माझं पाणी तांबूस झालं. नेमके तेव्हाच जर्मनांना सामील असलेले, काळ्या सदऱ्यातले दोन शिपाई उतारावरून खाली आले.

"टोपल्या उलट्या करा!" एक ओरडला.

एर्सिलियाने पाण्याकडे पाहिलं, मग देल्फीनाकडे. आणि ताडकन उठली.

"काय गं सटवे, माझा साबण उचललास ना?"

"मी? तुमचा साबण?" देल्फीना रडकुंडीला आली.

"मग काय या साहेबांनी उचलला?"

असं म्हणून तिने आपलं सगळं बोचकं पाण्यात ढकललं आणि पाठोपाठ स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उडी घेतली. साबणाचं पाणी शिपायांच्या अंगभर उडालं. बाकीच्या बायकांनी खूण ओळखली. एकच गिल्ला झाला, दहाबारा टोपल्यांतले कपडे पाण्यात एकमेकांत मिसळले.

"चल बाबा," दुसरा शिपाई विजार पिळत म्हणाला, "यांच्या तोंडी लागण्यापेक्षा लढाई परवडली."

ते चर्चच्या कोपऱ्याआड जाईपर्यंत एर्सिलिया त्या गार पाण्यात उभी राहिली. सदरा तिच्या पायाखाली होता.

"आता चोळ नीट," ती हळूच म्हणाली. "आणि ये इकडे, तोटीशी. तिथे बसून काय निघणार आहे?"

भाऊ वाचला. एर्सिलिया मात्र तो सगळा हिवाळा खोकत होती.

पुढे घरोघरी धुण्याची यंत्रं आली. माझी तोटी बंद झाली, छप्पर खचलं. माझ्यात पानं साचली, मग बाटल्या, एकदा तर मोडकी सायकल. गाड्या उभ्या करायला जागा हवी म्हणून मला फोडायचं ठरलं. माझी एक भिंत फोडलीही. दुसऱ्या दिवशी केस पिकलेली देल्फीना येऊन उरलेल्या काठावर बसली. मुकादम म्हणाला, "आजी, उठा, इथे नुसते दगड आहेत." त्यावर तिने त्याला समोर बसवून एर्सिलियाची गोष्ट सांगितली. तो उठला आणि यंत्र बंद करून कचेरीत गेला. मी अर्धा वाचलो.

आता माझ्या अंगावर एक पाटी आहे. तिच्यावर बांधणीचं साल आहे, दगडाची जात आहे. एर्सिलियाचं नाव नाही. देल्फीनाही गेल्या वर्षी गेली.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखं काहीतरी पडून असेल. त्यात कचरा टाकू नका, एवढं तर मी मागेनच. पण पाटी वाचून लगेच निघूही नका. जवळपास कुणी म्हातारं माणूस बसलेलं असेल, त्याला विचारा, इथे काय काय झालं? माझी घाई नाही, मी दगड आहे. त्यांना आजच विचारा.