सुलाबाईचा ढेकर

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सुलाबाई दुपारची जेवून उठली, पण तिला ढेकर काही आला नाही.

"बघ मायाक्का, तुज्या गोळीनं पोट कसं गप बसलंय," ती लेकीला म्हणाली. "आता आण की तुज्या मैतरणी परत जेवायला."

शहाण्णव सालचा उन्हाळा होता. जतकडच्या त्या वाडीत टँकर येऊन विहिरीत रिकामा व्हायचा आणि तेच पाणी सगळे शेंदून न्यायचे. मायाक्का संध्याकाळच्या एसटीने सांगलीला परतली. तिथल्या कॉलेजात ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. आदल्या दिवाळीत तिच्यासोबत दोन प्राध्यापिका घरी आल्या होत्या. सुलाबाईने ताटावरच दणदणीत ढेकर दिला, आणि त्या एकमेकींकडे बघून हसल्या. पुढच्या खेपेला मायाक्काने आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आणल्या. "तुला ॲसिडिटी आहे," म्हणाली. सुलाबाईला उभ्या जन्मात जळजळ ठाऊक नव्हती. पण लेक शिकलेली, म्हणून ती न चुकता गोळी घेत राहिली.

चौथ्या दिवशी निरोप आला. वाडीत पटकीची, कॉलऱ्याची साथ शिरली होती. चौदा माणसं आजारी पडली, तेरा उठली. सुलाबाई दवाखान्याच्या वाटेवर, जीपमध्येच गेली.

"एका घागरीतलं पाणी दोघं नवरा-बायको प्याली. बिराप्पा उठला, ती गेली. नशीब, दुसरं काय," दहाव्याला बायका म्हणत होत्या.

मायाक्का ऐकत होती. दरवर्षी ती हेच फळ्यावर लिहायची : जठरातल्या आम्लात पटकीचे बहुतेक जंतू मरतात, म्हणून रोग व्हायला ते कोट्यवधी पोटात जावे लागतात, आम्ल कमी असेल तर काही हजारही पुरतात. गोळीनेच आई गेली, हे कुणाला सिद्ध करता आलं नसतं. त्या आडोशाला ती दहा दिवस गप्प बसली होती.

बायका गेल्यावर बिराप्पाने कोनाड्यातून गोळ्यांची अर्धी उरलेली पट्टी काढून तिच्या हातात दिली.

"ने ह्या. कुनाच्या तरी कामाला येत्याल. आजारी पडली त्या सकाळीबी घेतली तिनं. म्हनायची, लेकीचा लय जीव हाय माज्यावर."

पट्टी तिच्या मुठीत चुरगळली.

"आबा, आईला ॲसिडिटी नव्हती. पोटात जंतू मारणारं जे असतं, ते ह्या गोळ्यांनी कमी होतं. मला ठाऊक होतं. तरी दिल्या."

"मग दिल्यास कशाला गं?"

"तिच्या ढेकराची मला लाज वाटत होती, आबा."