तिसरा स्क्रू

तीन पाय, तीन लोलक, प्रवासात ते लोलक घट्ट धरून ठेवणारे तीन स्क्रू आणि एक वायर. मित्रांनो, मोजायला गेलात तर माझा संसार एवढाच. मी एक जुना भूकंपमापक आहे. हल्ली हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत फडताळावर पडून असतो.

एकवीस वर्षं मला इथले तंत्रज्ञ संभाजीकाका यांनी सांभाळलं. ते मूळ मराठवाड्याचे, राहायला हैदराबादेतल्याच मलकपेठेत. स्क्रू आवळताना म्हणायचे, "गुमान बसायचं बरं का."

"काका, माझ्याशी कधी एवढं गोड बोलत नाही तुम्ही," संशोधक अपर्णामॅडम चिडवायच्या.

"हे तुमच्यापेक्षा कमी सवाल करतंय, म्याडम."

गेल्या वर्षी काका मला मिझोरामच्या डोंगरात घेऊन गेले. तिथून दक्षिणेला समुद्राचा तळ म्यानमारखाली बुडतो. उत्तरेला भारताची जमीन आशियाच्या जमिनीवर आदळते आणि हिमालय उचलला जातो. मग मध्ये काय? बुडणारा तळ इथवर पोचतो का? अपर्णामॅडमची पाच वर्षं या एका प्रश्नात गेली होती. भूकंप जमिनीखाली किती खोल होतो, यात उत्तर होतं. चाळीस किलोमीटरच्या आत असला तर तो वरच्या कवचातला, सत्तरच्या पुढे असला तर बुडणाऱ्या तळातला. खोली नेमकी कळायला बरोबर वर एक यंत्र हवं. ते मी.

काका एकटेच होते. त्यांनी दोन स्क्रू सोडले आणि फोन वाजला. त्यांच्या पत्नीला, सरुबाईंना, दवाखान्यात नेलं होतं. त्यांनी झाकण लावलं आणि धावत डोंगर उतरले. वर-खाली हलणारा माझा लोलक बांधलेलाच राहिला.

तिथे फोन कसाबसा लागायचा, पण नोंदी पाठवण्याइतकं नेटवर्क नव्हतं. कुणाला काही कळलं नाही.

सत्तेचाळिसाव्या दिवशी धरणी हादरली. खालच्या गावातली अकरा माणसं गेली. माझे दोन लोलक थरथरत राहिले. खालून येणारी पहिली लाट, जिच्यावरून खोली कळते, ती टिपायची होती तिसऱ्याने. तो हलला नाही.

मला हैदराबादला परत आणलं. झाकण अपर्णामॅडमनी उघडलं.

"काका, तिन्ही स्क्रू सोडून मोजले होते ना?"

"दोन मोजले, म्याडम. मग फोन आला." काका माझ्याकडेच बघत होते. "मी पोचलो तोवर ती गेली होती."

अपर्णामॅडमनी तिसरा स्क्रू स्वतः सोडला.

मित्रांनो, यंत्राला ओरडता येत नाही. झाकण लावण्याआधी शेवटचा स्क्रूही मोजा. मन ठिकाणावर नसेल तर दुसऱ्या कुणाला मोजायला सांगा. आणि अशा कामाला माणसाला एकटं पाठवू नका.

अपर्णामॅडमच्या अहवालातली शेवटची ओळ अशी आहे: खोली ५८ किलोमीटर, संभाव्य चूक अधिक-उणे २९ किलोमीटर. म्हणजे चाळीसच्या आतही असेल, सत्तरच्या पुढेही.