टांगलेलं इंजिन

आमचं गॅरेज म्हणजे घराच्याच पोटातली एक लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला शटर, आणि घरात जायला दोन पायऱ्या चढून एक दार. हे दार गॅरेजच्या बाजूला उघडायचं. गाडी पुरती आत घेतली की दाराची फळी मडगार्डच्या वरून बोटभर अंतर राखून फिरायची. मामंजींना त्या बोटभर अंतराचा भारी अभिमान. गाडी लावावी तर आपणच, असं म्हणायचे.

त्या दिवशी बाजार बंद होता. गिऱ्हाइकांची कटकट नको म्हणून मामंजींनी शटरला बाहेरून कुलूप घातलं आणि घरातून फिरून ते आत आले. एका जुन्या पिकअपचं डिझेल इंजिन उतरवायचं होतं. बॉनेट आणि रेडिएटर भिंतीला टेकवून ठेवलेले. मामंजी आणि माझा नवरा, दोघा बापलेकांनी नळ्या सोडवल्या, गिअरबॉक्सचे बोल्ट काढले आणि इंजिन छताला टांगलेल्या चेन पुलीला अडकवलं.

मी ठेवणीतले कपडे घालून तयार होते. टेलिफोन ऑफिसात मुलींची भरती होती आणि दुपारच्या आत हजर व्हायचं होतं. पुढच्या वर्षी माझं वय बसणार नव्हतं. घरात यावरून बरेच दिवस धुसफूस चालली होती. मामंजी 'नको' असं कधी म्हणाले नाहीत. फक्त विषय निघाला की त्यांना काहीतरी काम आठवायचं.

सासूबाई चहा घेऊन गॅरेजात उतरल्या. त्यांच्यामागून मीही 'येते' म्हणून सांगायला गेले आणि दार लोटून घेतलं. तेवढ्यात मामंजींनी नवऱ्याला साखळी ओढायला सांगितलं. इंजिन कुरकुरत वर आलं. ते ओझं उतरताच गाडीने नाक उचललं, स्प्रिंगचे पाटे सैल झाले आणि मडगार्ड चांगलं चार बोटं वर चढलं. लहान मोटारींची इंजिनं आम्ही कितीतरी उतरवली होती, पण त्या मोटारींनी मान एवढी वर कधी काढली नव्हती.

मी निघायला दार ओढलं, तर ते मडगार्डला थडकलं. फटीतून हात जाईल, माणूस नाही.

आधी सगळे हसलो. कुलूप बाहेर आणि किल्ली मामंजींच्या खिशात. नवरा म्हणाला, आता आपणच चोर आणि आपणच पोलीस. मी शटर बडवून हाका मारल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

इंजिन थोडं खाली घ्या, असं मी म्हटलं. मामंजींनी मान हलवली.

"टांगलेलं इंजिन दुरुस्त झाल्याशिवाय गाडीत परत जात नाही. आमच्या उस्तादांनी घालून दिलेली रीत आहे."

मग सासूबाईंना पुढच्या बंपरवर उभं करून पाहिलं. आज तुझं वजन कामी येणार, मामंजी म्हणाले. त्यांच्या एकटीने भागेना, म्हणून मीही चढले. गाडी दबली आणि दार सरकलं. पण जायचं होतं मला, आणि मी खाली उतरले की गाडी पुन्हा वर. नवऱ्याने पुढे पाऊल टाकलं, तर साखळी सोडायची नाही, असं मामंजींनी बजावलं. स्वतः ते इंजिनाला हात लावून उभे राहिले. ते हलू नये म्हणून, म्हणे.

झरोक्यातलं ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं. मी पुन्हा दार ओढलं, मडगार्ड खांद्याने खाली रेटून पाहिलं, मग पायरीवर बसले. चहा तसाच निवत होता. नवरा साखळीकडे बघत होता, माझ्याकडे नाही. आता निघाले तरी धावावं लागेल, असं मी म्हणाले.

सासूबाई बंपरवरून हळूच खाली उतरल्या. दाराकडच्या चाकाजवळ फतकल मारून बसल्या, अंबाड्यातला आकडा काढला आणि व्हॉल्व्हचं टोपण फिरवू लागल्या.

"काय चाललंय?" मामंजी म्हणाले.

"तुम्हाला सुचलं नाही ना? मला सुचलं."

आकड्याने आतली पिन दाबताच हवा फुसफुसत सुटली. गाडी त्या अंगाला कलायला लागली. मामंजींचा सगळा जन्म टायरांत हवा भरण्यात आणि काढण्यात गेलेला. नवऱ्याचंही तेच. दोघांपैकी एकानेही वर पाहिलं नाही. हे मी पाहिलं, आणि मघापासून आम्ही नुसत्या दारापाशी अडलो नव्हतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

रंग खरवडत दार उघडलं. अंग चोरून मी त्यातून निसटले. मागून मामंजींचा आवाज आला, आता ही हवा कोण भरणार? सासूबाई म्हणाल्या, "गॅरेज तुमचंच आहे ना? भरा."

मी धावतच गेले. ऑफिसात शेवटच्या मुलीमागे जाऊन उभी राहिले. तिने नाक मुरडून इकडेतिकडे पाहिलं आणि कसला वास येतोय म्हणून विचारलं.

"डिझेलचा," मी म्हटलं. "माझाच आहे."